वाचक विचारतात : क्योटोची देवळं, दोन दिवस आणि सासूबाईंचे गुडघे

मागच्या अंकात नुसतं लिहिलं होतं की जपानबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आलेत की वाटलं अर्धं इंदूर या वर्षी तिकडंच निघालंय. त्यातले तीन-चतुर्थांश एकट्या क्योटोचे, म्हणून हा अंक क्योटोचा. लेक ओसाकात नोकरीला असल्यामुळं माझं तिकडं जाणं-येणं होतं आणि ओसाका-क्योटो म्हणजे गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर, त्यामुळं जे लिहितेय ते पायी फिरून पाहिलेलं आहे. टोकियोवाल्यांनी थोडा धीर धरा.

ताई, टूरवाल्यानं आम्हाला क्योटोचे दोन दिवस दिलेत आणि त्यात अकरा ठिकाणं घातलीत : सोनेरी देऊळ, चांदीचं देऊळ, कियोमिझु, हजार कमानींचं देऊळ, बांबूचं जंगल, निजो किल्ला, अजून बरीच. आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. जमेल का? — सुदामा नगर

बसमधून उतरा, फोटो काढा, चढा, असं करायचं असेल तर जमेल, पण मग सासूबाईंना खजरान्याच्या गणपतीला नेऊन आणा, त्या जास्त खूश होतील.

खरं सांगू का, ही यादी बनवणाऱ्यानं नकाशा समोर ठेवलेलाच नाहीये. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांच्या मध्ये बसलंय आणि बहुतेक मोठी देवळं या डोंगरांच्या पायथ्याशी, म्हणजे शहराच्या कडेकडेनं आहेत. सोनेरी देऊळ म्हणजे किन्काकु-जी वायव्येला, चांदीचं गिन्काकु-जी ईशान्येला, बांबूचं जंगल पश्चिमेला आराशियामात आणि हजार कमानींचं फुशिमी इनारी पार दक्षिणेला. एका दिवसात ही चारही टोकं गाठायची म्हणजे दिवसातले चार-पाच तास रस्त्यावरच जाणार आणि सीझनमध्ये तिथल्या सिटी बसेस इतक्या भरतात की आपल्याला इंदूरच्या राजवाड्यासमोरची सणासुदीची गर्दी आठवावी, फरक एवढाच की कोणी ओरडत नाही. पूर्वी बसचा दिवसभराचा पास मिळायचा, तो गर्दीपायीच २०२४ मध्ये बंद केला, आता मेट्रो आणि बस मिळून ११०० येनचा पास आहे.

म्हणून माझं म्हणणं एकच, एका दिवशी शहराची एकच बाजू धरायची. पहिला दिवस पूर्वेला द्या. कियोमिझु-देरा सकाळी ६ वाजता उघडतं, आणि हे ऐकून टूरवाला नाक मुरडेल पण तुम्ही हट्ट करा, कारण दहानंतर त्या चढाच्या गल्लीत खांद्याला खांदा लागतो. सासूबाईंसाठी टॅक्सी घ्या, ती चढ बऱ्यापैकी कमी करते. देवळाचा तो मोठा लाकडी सज्जा १३ मीटर उंच खांबांवर उभा आहे, खिळा न वापरता एकात एक अडकवून बांधलेला, आत्ताचं बांधकाम १६३३ चं. खाली धबधब्याच्या तीन धारा पडतात, लांब दांड्याच्या पळीनं पाणी प्यायचं. तिन्ही धारांचं पिऊ नका, ते हावरटपणाचं मानतात, मुलांना आधीच सांगून ठेवा. मग सान्नेनझाका, निनेनझाका या जुन्या गल्ल्यांतून रमत खाली उतरा, जेवा, आणि दुपारी सान्जुसान्गेन-दो, जे सगळं सपाटावर आहे, बूट काढून लाकडी जमिनीवर चालायचं. त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दक्षिण बाजू. फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं आणि तिकीट नाही, तेव्हा सकाळी सातला पोचा. क्योटो स्टेशनवरून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, नारा लाइन, दुसरंच स्टेशन, फक्त लोकल गाडी पकडा, फास्ट तिथं थांबत नाही. लोकांना वाटतं कमानी म्हणजे शंभर मीटरचा बोगदा, तर तसं नाही, त्या डोंगरभर वरपर्यंत गेल्यात, सुमारे १०,००० कमानी, आणि पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात. मुलं आणि तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत जा, तिथून शहर दिसतं, सासूबाई खाली मुख्य देवळापाशी बसतील, तिथं बसायला जागा आहे आणि बघायला माणसं. परत येताना कमानींच्या मागच्या बाजूला नीट बघा, प्रत्येक कमानीवर देणगीदाराचं नाव आणि तारीख काळ्या अक्षरात कोरलेली असते. बरेचसे व्यापारी आणि कंपन्या, कारण इनारी मुळात भाताच्या पिकाचा देव, पुढे धंद्याचा झाला. आपल्याकडं देवळाच्या फरशीवर आजोबांचं नाव घालतात तसंच, फक्त इथं लाकूड काही वर्षांत कुजतं आणि मग जागा दुसऱ्या देणगीदाराला मिळते. दुपारी तो-जी हे देऊळ करा, तेही सपाट, त्याच्याबद्दलही पुढे आहे.

राहिलं सोनेरी देऊळ. दोनच दिवस असतील तर मी बांबूचं जंगल सोडीन आणि निजो किल्लाही सोडीन, पण तुमची मुलं सोनं सोनं करत असतील तर पहिल्या दिवशीच्या दुपारी ते घाला आणि सान्जुसान्गेन-दो दुसऱ्या दिवशी हलवा. अकराची पाच होतील. होऊ द्या.

माझं वय ७२, संस्कृत शिकवायचे. असं ऐकलं की जपानमध्ये आपले देव आहेत, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं? — रामबाग

आजी, खरं आहे, आणि व्हॉट्सॲपवर येतं त्यापेक्षा जास्त मजेदार आहे, पण ‘जपानी लोक हिंदू देवांची पूजा करतात’ असं जे फिरवतात ते तसं नाही. हे देव बौद्ध धर्माचे रक्षक म्हणून भारतातून मध्य आशिया, चीन असं करत गेले, वाटेत त्यांचे कपडे बदलले, नावं बदलली, कामंसुद्धा बदलली, आणि तिथल्या माणसाला ते परके वाटतच नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर तुमच्यासाठी दोनच जागा, बाकी सगळं नंतर. पहिली तो-जी. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला, तिथं छांग-आनमध्ये मंत्रमार्ग शिकला, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडं संस्कृतही शिकला, आणि परतल्यावर ८२३ मध्ये सम्राटानं त्याच्याकडं हे देऊळ सोपवलं. तिथल्या व्याख्यानगृहात २१ मूर्ती मंडलासारख्या मांडल्यात, बहुतेक नवव्या शतकातल्या. अंधारात डोळे सरावले की एका टोकाला बघा, बोन्तेन बसलाय, म्हणजे ब्रह्मदेव, एकापेक्षा जास्त तोंडं, आणि खाली कमळाला उचलून धरणारे चार हंस. प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली आहे. दुसऱ्या टोकाला ताइशाकुतेन, म्हणजे इंद्र, एक पाय खाली सोडून हत्तीवर बसलेला. कोणी सांगायची गरज पडत नाही, वाहनावरूनच ओळख पटते. मी तिथं पहिल्यांदा उभी होते तेव्हा शेजारच्या जपानी बाई हात जोडून पुटपुटत होत्या आणि त्यातला एखादा शब्द ओळखीचा लागल्यासारखं वाटत होतं, मंत्र आहेत ना ते, उच्चार जपानी झालेत पण मूळ संस्कृतच. कूकाईच्या शिन्गोन पंथाच्या देवळांत सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं दिसतात, ती तुम्ही वाचाल, तिथले बहुतेक लोक वाचू शकत नाहीत. होमही करतात, त्याला गोमा म्हणतात, लाकडाच्या समिधा टाकून, आग चांगली वर उठते.

दुसरी जागा सान्जुसान्गेन-दो. १२० मीटर लांब एकच दालन, आत १००१ सहस्रभुज कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर. मधली एक मोठी, बसलेली, तांकेई या शिल्पकारानं १२५४ मध्ये पूर्ण केलेली, आणि दोन्ही बाजूला पाचशे-पाचशे माणसाएवढ्या उभ्या. १२४९ च्या आगीत मूळ देऊळ जळलं, त्यातून १२४ मूर्ती लोकांनी ओढून बाहेर काढल्या, बाकीच्या नंतर पुन्हा घडवल्या. लोक या सोनेरी रांगांकडं बघून ‘अबब’ करत पुढे सरकतात. तुम्ही मात्र पुढच्या रांगेतल्या २८ रक्षकांसमोर थांबा, कारण ती सगळी आपल्या ओळखीची मंडळी आहे, खाली इंग्रजी पाट्याही आहेत. कारुरा म्हणजे गरुड, चोच आहे, पंख आहेत, आणि तो चक्क बासरी वाजवतोय. नारायण आहे, पण पैलवानासारखा, छातीचे स्नायू फुगवलेला. असुर आहे, किन्नर आहे, महोरग आहे. वसू नावाचा एक म्हातारा ऋषी आहे, इतका वाळलेला की बरगड्या मोजाव्यात. फोटो काढायला बंदी आहे, ते एका अर्थी बरंच, माणूस नीट बघतो.

आता आपल्या माळव्याची गोष्ट. उज्जैनचा महाकाल जपानमध्ये दाइकोकुतेन झाला, आणि काय झाला बघा, गोलमटोल, हसरा, पाठीवर पोतं, हातात मोगरी, भाताच्या पोत्यांवर उभा, दुकानदारांचा लाडका. संहाराचा देव समृद्धीचा झाला. सरस्वती बेन्झाइतेन झाली, हातात बीवा नावाचं तंतुवाद्य, आणि पाण्याशी नातं मात्र टिकलं, तिची देवळं बहुतेक तळ्याकाठी नाहीतर तळ्याच्या मधोमध. क्योटोच्या दाइगो-जीत तिचं लाल देऊळ तळ्यावर आहे, पानं लाल होतात तेव्हा बघण्यासारखं.

आणि हो, गणपती. सगळे हेच विचारतात. आहे, कान्गितेन किंवा शोतेन नावानं, बऱ्याचदा दोन हत्तीमुखी आकृत्या मिठी मारलेल्या. पण मूर्ती सहसा बंद पेटीत, दर्शन मिळत नाही, पूजा पुजारीच करतात. नैवेद्याला मुळा असतो. मोदकावर चिडणार नाही तो, पण तिथं मुळा.

भिया, लोक सांगतात किन्काकु-जी ओरिजिनल नाहीच, १९५५ चं आहे. मग एवढे पैसे खर्चून डुप्लिकेट बघायला कशाला जायचं? — विजय नगर

ताईला भिया म्हणालास, चालेल.

मूळ इमारत शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सुनं १३९७ मध्ये राहण्यासाठी घेतलेल्या जागेवरची. पंधराव्या शतकात ओनिन युद्धात क्योटोची राख झाली, त्यातून ही वाचली. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या यादीत क्योटोचं नाव होतं, अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन यानं ते काढायला लावलं, त्यातूनही वाचली. आणि मग १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण शिकाऊ भिक्षूनं आग लावली. पाच वर्षांत पुन्हा बांधली, १९८७ मध्ये सोन्याचा वर्ख पहिल्यापेक्षा जाड चढवला.

आता तू मला सांग, आपला राजवाडा ‘ओरिजिनल’ आहे का? १९८४ मध्ये जळाला, मागचा भाग नंतर जुन्या पद्धतीनं परत उभा केला, आणि पाहुणे आले की आपण त्यांना पहिलं तिथंच नेतो ना? कोणी म्हणतं का की कशाला, डुप्लिकेट आहे. लाकडाची इमारत म्हणजे जळणार, कुजणार, आणि ती पुन्हा बांधता येणारे सुतार जिवंत ठेवणं हेच तिथं खरं जतन मानतात. इसेचं देऊळ तर ते लोक मुद्दाम दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नवं बांधतात, मागचं २०१३ मध्ये झालं.

तरी तुझ्या बाजूनं एक बोलते. किन्काकु-जीत आत जाता येत नाही. तळ्याच्या पलीकडून बघायचं, ठरलेल्या वाटेनं रांगेत चालायचं, आणि पाऊण तासात बाहेर. सकाळी ९ ला उघडतं, तेव्हा गेलास आणि पाणी शांत असेल तर ते खरोखर भारी दिसतं, वरचे दोन मजले सोन्याचे आणि छपरावर फिनिक्स पक्षी. तिकीट म्हणून जो लांब कागद देतात तो फेकू नकोस, ते अंगाऱ्यासारखं घरात ठेवायचं असतं. तिथून वीसेक मिनिटं चाललास की र्योआन-जी, पंधरा दगडांची वाळूची बाग. कुठंही बसलास तरी एक तरी दगड लपतोच. मित्र मोजत बसतील, बसू दे.

आम्ही कांदा-लसूणसुद्धा खात नाही. तिथं उपाशी राहायची वेळ येईल का? आणि रात्री आपल्या सराफ्यासारखा खाऊबाजार आहे का? — राजेंद्र नगर

दुसऱ्याचं उत्तर आधी, नाही. निशिकी मार्केट खाण्याचं म्हणून प्रसिद्ध, चारशे मीटरची छप्पर घातलेली गल्ली, पण संध्याकाळी पाच-सहाला शटर खाली. रात्री अकराला भूक लागणाऱ्या इंदुरी माणसानं तिथं काय करावं हा प्रश्नच आहे. शिवाय चालता चालता खाऊ नका अशा पाट्या आहेत, दुकानासमोर उभं राहून संपवायचं आणि मग पुढे. छप्पन दुकानवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं.

कांदा-लसणाचं मात्र ऐका. देवळातलं जेवण, त्याला शोजिन र्योरी म्हणतात, त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूणही नसतो, भिक्षूंना तो वर्ज्य. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांनी डोळे मिटून खावं. आराशियामात तेनर्यू-जीच्या आवारात शिगेत्सु म्हणून जागा आहे, आधी बुक करून जा. लाल लाखेच्या ताटलीत लहान लहान वाट्या येतात, तिळाचं घट्ट तोफूसारखं काहीतरी, भोपळा, लोणचं, भात, आणि वाढणारे इतके हळू वाढतात की आपण पण हळू जेवायला लागतो. नान्झेन-जीच्या आसपास युदोफू मिळतं, गरम पाण्यातलं तोफू.

पण धोका कुठं आहे ते नीट समजून घ्या, तो दिसत नाही. बाहेरच्या हॉटेलात मिसो सूप, नूडल्स, भाजी, अगदी त्या सॉसमध्येसुद्धा दाशी असतं, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. वाढणारा प्रामाणिकपणे सांगेल ‘मासा नाहीये’, कारण त्याच्या हिशोबानं तुकडा नाहीये. देवळातल्या जेवणात दाशी समुद्री शेवाळ आणि मशरूमचं असतं. म्हणून जपानीत ‘कात्सुओ-दाशी चालत नाही’ असं लिहिलेली चिठ्ठी मोबाइलवर ठेवा. चोवीस तासवाल्या दुकानात भाताचे त्रिकोण मिळतात, उमेबोशी म्हणजे आंबट-खारट प्लमचा शोधा, तरी मागची चिठ्ठी ट्रान्सलेट करून बघा. बाकी मेतकूट, चिवडा, खाकरे बरोबर असू द्या, हे मी सांगायला नकोच.

नकाशात जागोजागी स्वस्तिक दिसतं, पण उलटं. मुलगा म्हणाला, आई, खजरान्यात उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात तसलं हे आहे का? — लोकमान्य नगर

मुलगा हुशार आहे. नकाशातली ती खूण म्हणजे बौद्ध देऊळ, त्याला तिथं मान्जी म्हणतात आणि ती डावीकडं वळलेलीच असते, नवसाचा काही संबंध नाही. शिंतो म्हणजे जपानचा स्वतःचा जुना धर्म, त्याच्या देवळाची खूण वेगळी, कमानीची, त्या कमानीला तोरी म्हणतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली की रस्त्यात अर्धं क्योटो उलगडतं, कारण शहरात सुमारे १६०० बौद्ध देवळं आणि ४०० शिंतो देवळं आहेत असं सांगतात, प्रत्येक गल्लीत काहीतरी असतंच.

नवस मात्र आहे. लाकडाची छोटी पाटी मिळते, एमा म्हणतात, तिच्यावर मागणं लिहायचं आणि टांगायचं. मराठीत लिहा, चालतं, मी लिहिलंय.

देवळात गेल्यावर करायचं काय? घंटा, फुलं, प्रसाद? आपल्याकडून काही चूक व्हायला नको. — टिळक नगर

घाबरू नका, तिथं कोणी रागावत नाही, फार तर तुमच्याकडं न बघता बघतील.

शिंतो देवळात कमानीशी जरा वाकून आत जायचं. मग पाण्याची टाकी येते, पळी उजव्या हातात धरून डावा हात धुवा, मग हात बदलून उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळखळवा आणि बाजूला टाका, पळीला तोंड लावू नका. देवापुढं पेटीत नाणं टाका, घंटेची दोरी असेल तर हलवा, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, हात जोडून मनातलं सांगा, परत एकदा वाका. बौद्ध देवळात टाळी वाजवायची नाही, नुसते हात जोडायचे. हीच एक गोष्ट आपले लोक हमखास उलटी करतात आणि शांत दालनात खाडकन टाळी वाजते.

नारळ, हार, पेढे काही नेऊ नका. मूर्तीला हात लावू नका, हळद-कुंकू तर अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण रस्त्याकडेला दगडाचे छोटे जिझो दिसतात, गळ्यात लाल लाळेरं बांधलेले, गोड चेहऱ्याचे, आणि एका आपल्याकडच्याच ग्रुपमधल्या मावशींनी पर्समधून कुंकवाची डबी काढलीच होती. जिझो म्हणजे क्षितिगर्भ, लहान मुलांचा सांभाळ करणारा, आणि ती लाळेरी कितीदा तरी मूल गमावलेल्या आईनं बांधलेली असतात. तिथं नुसता नमस्कार.

मोजे धड घाला, बूट सारखे काढावे लागतात, अंगठ्याला भोक असलं की सगळ्या जगाला दिसतं. सुटे येन जवळ ठेवा, बऱ्याच देवळांच्या खिडकीवर कार्ड घेत नाहीत.

मुलगी जेईईला बसतेय. विद्येचं काही देऊळ? — नारायण बाग

कितानो तेन्मान्गू, ९४७ चं. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री दरबारातल्या कारस्थानामुळं हद्दपार झाला आणि ९०३ मध्ये तिकडंच वारला, मग राजधानीत विजा पडायला लागल्या, माणसं दगावली, तेव्हा घाबरून त्यालाच देव केलं. आज परीक्षेच्या आधी पोरांची तिथं रांग असते. आवारात बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत, डोकं चोळायचं म्हणजे बुद्धी येते म्हणे, त्या डोक्यांची पार चकाकी झालीय. २५ तारखेला गेलात तर जुन्या बाजाराचा बोनस, जुने किमोनो, चिनीमातीच्या वाट्या, काय वाट्टेल ते. तो-जीचा असाच बाजार २१ तारखेला.

दिवाळीच्या सुट्टीत जावं की मे महिन्यात? — साउथ तुकोगंज

दिवाळीत. हवा छान, फक्त लाल पानांच्या आशेनं जाऊ नका, क्योटोत ती साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरात येतात. मेमध्ये जायचं तर पहिला आठवडा टाळा, त्यांची एप्रिल अखेरची मोठी सुट्टी तोपर्यंत चालते आणि सगळा जपान रस्त्यावर असतो. जूनमध्ये पाऊस, जुलै-ऑगस्टमध्ये घामानं जीव जातो. जुलैत गिओन मात्सुरी हा उत्सव असतो, १७ आणि २४ तारखेला प्रचंड लाकडी रथ माणसं ओढतात, ८६९ मध्ये साथ आली तेव्हा सुरू झालेली प्रथा. रथाला खिळे नसतात, नुसत्या दोऱ्यांनी बांधतात. घाम गाळायची तयारी असेल तर जरूर.

गिओन वस्तीत गेइशा दिसतात ना? रील बनवायचीय. — स्कीम ५४

दिसतात, संध्याकाळी कामावर निघालेल्या असतात, आणि त्यांना अडवून कॅमेरा समोर धरणाऱ्या लोकांनी इतका वैताग दिला की २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्यात. मुख्य रस्ता खुला आहे. पण तू ऑफिसला निघालीस आणि कोणी तोंडासमोर मोबाइल धरून पळत आलं तर? बाकी रील बनवायला लाल कमानी आहेतच.

कचरापेट्या नाहीत असं ऐकलं? — रामबाग

जवळजवळ नाहीतच. ज्या दुकानातून घेतलं तिथंच परत द्या, नाहीतर पिशवीत ठेवून हॉटेलवर आणा. ओला-सुका वेगळा करायची सवय आपल्याला आहेच, तेव्हा बाकीच्या भारतीयांना तुम्हीच शिकवा.

संध्याकाळी पाचची गाडी आहे, हातात दोन तास, स्टेशनजवळ काय बघता येईल? फुकटात असेल तर उत्तम! — सुदामा नगर

हिगाशी होन्गान-जी. स्टेशनवरून दहा मिनिटं चालत, तिकीट नाही, सामान लॉकरमध्ये टाका आणि जा. तिथलं मुख्य दालन जगातल्या मोठ्या लाकडी इमारतींपैकी एक, आणि आत ताताम्यांवर, म्हणजे गवती चटयांवर, हवं तितका वेळ बसता येतं, कोणी उठवत नाही. पण मी पाठवतेय ते दोन दालनांच्या मधल्या ओसरीसाठी. तिथं काचेत एक दोर ठेवलाय, वेटोळं घालून, मनगटापेक्षा जाड, काळपट, मध्ये मध्ये करडा. जवळ गेल्यावर कळतं की ते केस आहेत. देऊळ जळल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते परत बांधत होते, मोठमोठे वासे ओढताना साधे दोर तुटत होते, तेव्हा देशभरातल्या बायकांनी आपले केस कापून पाठवले आणि ते तागात मिसळून दोर वळले. काम १८९५ मध्ये पूर्ण झालं. करडे केस कुणाच्या आजीचे असतील. माझ्या मते आख्ख्या क्योटोत फुकट बघायला मिळणाऱ्या गोष्टींत हा दोर पहिला, आणि बहुतेक टूरवाले तिथं थांबतही नाहीत कारण बसला पार्किंग लांब पडतं, निदान मला एकानं हेच कारण सांगितलं.

क्योटोवरून नारा एका दिवसात होईल का, आणि त्यात खास काय? — राजेंद्र नगर

आरामात, पाऊण तासाची गाडी. तोदाई-जीचा कांस्याचा बुद्ध, सुमारे १५ मीटर उंच, बसलेला. ७५२ मध्ये त्याचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा झाली, आणि ती कोणी केली, तर बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं, जो ७३६ मध्ये जपानला पोचला होता. त्याच्या हातातल्या ब्रशला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या, म्हणजे सगळ्यांच्याच हातानं डोळे उघडले. तो ब्रश अजून तिथल्या राजकोठारात जपलाय. भोवतीची इमारत १७०९ ची, मूळची याच्यापेक्षाही रुंद होती.

आणि हजारावर हरणं, मोकळी. त्यांच्यासाठी ठरलेली बिस्किटं मिळतात, तीच द्या, आपली शेव-चिवडा नको, त्यांचं पोट बिघडतं. काही हरणं बिस्किटासाठी मान वाकवतात, मग सगळ्यांनाच गंमत वाटते आणि माणूस हातात धरून खेळवत बसतो, तेवढ्यात मागून दुसरं येऊन पॅंट ओढतं. कागदही खातात. ट्रेनची तिकिटं आणि पासपोर्ट आतल्या खिशात.